निर्यात वाढवायची तर सरकारी पैसा आधी कुठे जावा? द्राक्षाच्या हिशेबाने बोलू

द्राक्षवेल

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक्स्पोर्ट प्रमोशन मिशन मंजूर केले. २०२५-२६ ते २०३०-३१ या सहा वर्षांसाठी २५,०६० कोटी रुपये. त्याचे दोन भाग आहेत. 'निर्यात प्रोत्साहन'मध्ये १०,४०१ कोटी, मुख्यतः कर्ज आणि हमीसाठी. 'निर्यात दिशा'मध्ये १४,६५९ कोटी, चाचण्या, प्रमाणपत्रे, पॅकेजिंग, ब्रँडिंग, प्रदर्शने, गोदामे, वाहतूक यांसाठी. वर्षाला सरासरी चार हजार कोटींच्या वर, आणि त्यात वस्त्रोद्योग, चामडे, हिरे-दागिने, अभियांत्रिकी, मासळी असे सगळेच वाटेकरी. म्हणजे पैसा अमर्याद नाही, क्रम लावावाच लागणार.

तो क्रम हवेत लावण्यापेक्षा एका मालावर लावून पाहू. नाशिक-सांगलीचे द्राक्ष घेतो, कारण नाशवंत माल साखळीतली प्रत्येक ढिली कडी लगेच उघडी पाडतो.

माझा क्रम असा: पहिले उर्वरित अंश तपासणी, म्हणजे फवारलेले औषध मालात किती उरले ते पाहणे, आणि औषधांची अद्ययावत यादी. दुसरे काढणीनंतरच्या पहिल्या सहा तासांतली थंडी. तिसरे वाण आणि रोगमुक्त रोपे. जहाजभाड्याचे अनुदान सगळ्यात शेवटी.

भाड्याला शेवटी का टाकतो? समजा किलोला २ रुपये वाहतूक अनुदान मिळाले. चाळीस फुटी रीफर (शीत) कंटेनरमध्ये साधारण १३ टन माल बसतो, म्हणजे कंटेनरमागे २६,००० रुपये. आता माल रॉटरडॅमला पोचल्यावर देठ तपकिरी आणि मणी गळलेले निघाले, आयातदाराने १० टक्के क्लेम (भरपाईची मागणी) लावला, आणि मालाची किंमत किलोला १०० रुपये धरली, तर १ लाख ३० हजार गेले. एका क्लेममध्ये पाच कंटेनरचे अनुदान संपले. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रातला रस्ता धोक्याचा झाला आणि जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. तेवढे दिवस जास्त टिकेल असा माल अनुदानाने तयार होत नाही. तो बागेत आणि पॅकहाउसमध्येच तयार व्हावा लागतो.

ज्यांचा क्रम वेगळा असेल त्यांनी आकड्यांसह मांडावा.

---

थंडावा

क्रम मान्य. पण दुसऱ्या मुद्द्यावर, म्हणजे थंडीवर, पैसा आजवर आला नाही असे नाही. आला, पण चुकीच्या मापाने आला.

फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या निकषांत ६ टनांच्या प्रीकूलिंग (काढलेला माल झटपट थंड करणाऱ्या) युनिटला २५ लाख खर्च धरून ३५ टक्के अनुदान होते, म्हणजे ८ लाख ७५ हजार. त्यात '६ टन' हा शब्द फसवा आहे. सहा टन माल खोलीत मावणे वेगळे आणि सहा टन माल सहा तासांत थंड होणे वेगळे.

हिशेब करून पाहा. ६,००० किलो द्राक्ष, गराचे तापमान ३० अंश, ते २ अंशांवर आणायचे. द्राक्षाची विशिष्ट उष्णता किलोला ३.६५ किलोज्यूल धरली तर एकूण सुमारे ६१३ मेगाज्यूल उष्णता काढावी लागते. सहा तासांत वाटली तर सरासरी २८ किलोवॅट, म्हणजे ८ टीआर (थंड करण्याच्या क्षमतेचे एकक). पण गरम माल आत आल्यावर पहिल्या तासात भार सरासरीच्या दुप्पट असतो. शिवाय पंख्यांची स्वतःची उष्णता, भिंती, उघडणारे दार. त्यामुळे यंत्र १४-१५ टीआरचे लागते. खर्चाच्या मर्यादेत बसवायला ८ टीआरचे बसवले की सहा तासांचे काम बारा तासांवर जाते. दुसरी बॅच बाहेर उन्हाच्या झळीत थांबते, आणि तिसरी अर्धवट थंड करून थेट कंटेनरमध्ये चढते. कंटेनरचे यंत्र तापमान राखण्यासाठी असते, माल थंड करण्यासाठी नाही. तिथे गेलेला ६ अंशांचा माल कित्येक दिवस वरच्याच तापमानात राहतो.

दुसरी चूक हवेची. खोलीचा डिस्प्ले शून्य दाखवतो आणि घडात सुई घातली तर ५ अंश निघतात. कारण बहुतेक वेळा एकच: पेट्यांची भोके एका रेषेत नाहीत, किंवा दोन थप्प्यांवरची ताडपत्री जमिनीपर्यंत बसलेली नाही. हवा सोपी वाट शोधते आणि मालाला वळसा घालून पंख्याकडे परत जाते. पेटीच्या बाजूवर किमान ५ टक्के क्षेत्र भोकांचे असावे, आणि आतल्या पनेटने (फळांच्या छोट्या डब्याने) ती भोके झाकता कामा नयेत.

तिसरी, ग्रेप गार्डची. सल्फर डायऑक्साइड सोडणारा हा कागद ओलाव्याने काम करतो. माल थंड होण्याआधीच कागद ठेवून लायनर (पेटीतले प्लास्टिकचे अस्तर) बंद केला तर आत पाणी सुटते, वायू एकदम बाहेर पडतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडून खचतात. कागद आणि लायनर प्रीकूलिंग झाल्यावरच बंद करायचे. यंत्रावर लाखोंचे अनुदान आणि हे शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाकडे दुर्लक्ष, याचे मनापासून वाईट वाटते.

म्हणून माझी सूचना: अनुदान खोलीच्या टनांवर देऊ नका, 'अमुक टन माल अमुक तासांत २ अंशांखाली' या चाचणीवर द्या. अनुदान सोडण्याआधीच्या संयुक्त तपासणीच्या दिवशी भरलेली थप्पी लावा, पाच ठिकाणी घडात सुई घाला, नोंद घ्या, मगच हप्ता सोडा.

---

शिपिंगबिल

द्राक्षवेल, भाडे अनुदान शेवटी टाकण्याचे आणखी एक कारण जोडतो. ते आता कायद्यानेही टिकत नाही.

जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारात निर्यात मालाची हाताळणी, पॅकिंग, आंतरराष्ट्रीय वाहतूक यांवरच्या अनुदानाला विकसनशील देशांना सूट होती. २०१५ च्या नैरोबी परिषदेत ती २०२३ अखेरपर्यंतच ठेवली. आपल्याकडे २०१९ मध्ये सुरू झालेली शेतमालाची वाहतूक-विपणन साहाय्य योजना त्याच सवलतीवर उभी होती. ती परत आणा अशी मागणी प्रत्येक हंगामात होते, पण तो दरवाजा बंद झाला आहे. देशांतर्गत वाहतुकीतही फक्त निर्यात मालाला स्वस्त दर दिला तर तेच कलम लागते. रेल्वेची रीफर सेवा द्यायची तर दिल्लीला जाणाऱ्या द्राक्षालाही तोच दर हवा.

औद्योगिक मालाचे तर आणखी कडक. अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या योजनांविरुद्ध तक्रार केली. ऑक्टोबर २०१९ च्या पॅनेल निकालात एमईआयएस (निर्यातीवर बक्षीस), ईपीसीजी (निर्यातीच्या अटीवर यंत्रांची बिनशुल्क आयात), एसईझीच्या (विशेष आर्थिक क्षेत्रांच्या) सवलती अशा बऱ्याच योजना निषिद्ध अनुदान ठरल्या. भारताने अपील केले, पण अपील मंडळच बंद पडल्याने ते तसेच लटकले. एमईआयएस मात्र २०२० अखेर थांबली आणि १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप आली. रोडटेप बक्षीस नाही, परतावा आहे. मालात मुरलेले आणि इतरत्र परत न मिळणारे कर, म्हणजे डिझेलवरचा व्हॅट, वीज शुल्क, बाजार समितीचा सेस. मुरलेल्या करापेक्षा जास्त दिले की ते पुन्हा अनुदान ठरते. अमेरिकेने तर काही प्रकरणांत रोडटेपवरही प्रतिशुल्क लावले आहे.

मग चालते काय? शेती कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातल्या 'हरित पेटी'त संशोधन, रोग-कीड नियंत्रण, तपासणी सेवा, प्रशिक्षण, बाजार आणि बंदर सुविधा, वीजवाहिन्या, रस्ते हे सगळे मोकळे आहे. पण पायाभूत सुविधांना एक अट आहे: पैसा भांडवली कामावरच. चालू खर्च भरून देता येत नाही, खास सवलतीचे वापरदरही नाहीत. धोरण लिहिणाऱ्यांनी ही अट भिंतीवर लावून ठेवावी.

जाता जाता, रोडटेपसाठी शिपिंग बिलात (निर्यातीच्या सीमाशुल्क अर्जात) प्रत्येक वस्तूपुढे RODTEPY हा 'होय'चा कोड निवडला आहे ना, हे माल निघण्याआधी सीएचएकडून (सीमाशुल्क दलालाकडून) पाहून घ्या. 'नाही' गेले की ती रक्कम परत मिळवणे फार कठीण. नवीन निर्यातदारांचे पैसे इथेच सर्वाधिक बुडतात.

---

अंश_०.०१

तपासणी पहिल्या क्रमांकावर ठेवली याचे समाधान वाटले. पण 'तपासणीला पैसा' म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नवीन प्रयोगशाळेची इमारत येते. इमारत ही सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट.

२०१० चा हंगाम आठवा. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागाईतदारांचे सीसीसी, सापडले. खरड (एप्रिलच्या) छाटणीनंतर शेंडावाढ रोखून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून ते फवारले जायचे. प्रयोगशाळा होत्या, ग्रेपनेट (निर्यात द्राक्षाचा बागेपर्यंत माग काढणारी नोंदप्रणाली) होते, यंत्रे होती. पण सीसीसी तपासायच्या यादीतच नव्हते. एप्रिलमध्ये फवारलेले औषध पुढच्या फेब्रुवारीतल्या मण्यात सापडेल, हे कुणी धरलेच नव्हते. युरोपची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम प्रतिकिलो होती आणि माल बंदरात अडकला. कोट्यवधींचे नुकसान यंत्र नसल्याने झाले नाही, यादी मागे राहिल्याने झाले.

यादी पुढे ठेवायला तीन ठिकाणी नियमित पैसा लागतो.

एक, युरोपियन युनियनच्या मर्यादा वर्षभर बदलत असतात. ज्याला मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट ०.०१. बासमतीत ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची मर्यादा १ वरून ०.०१ वर २०१८ मध्ये आली तेव्हा काय धावपळ झाली ते सगळ्यांना माहीत आहे. बदलाचा मसुदा आधी जाहीर होतो. तो वाचून ऑक्टोबर छाटणीच्या आत शिफारस यादी सुधारणारी पूर्णवेळ माणसे हवीत. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हे काम करते. त्याला मनुष्यबळ द्या.

दोन, काढणीपूर्व कालावधी ठरवण्याच्या चाचण्या. नाशिकच्या कोरड्या हवेत ३० दिवसांत खाली येणारे औषध प्लास्टिक आच्छादनाखाली तेवढ्याच दिवसांत येईल असे नाही, कारण तिथे पाऊस धुऊन नेत नाही आणि ऊनही गाळून येते. आच्छादनाला अनुदान द्यायचे तर त्याच्याखालच्या चाचण्यांनाही त्याच वेळी द्या.

तीन, आयात-सहिष्णुतेचे अर्ज. आपल्याकडे गरजेचे पण युरोपात नोंद नसलेले औषध असेल तर मर्यादा वाढवून मागता येते. त्यासाठी ठरलेल्या पद्धतीच्या क्षेत्रचाचण्या आणि विषशास्त्राची माहिती लागते. पेटंट संपलेल्या औषधासाठी कोणतीही कंपनी हा खर्च करत नाही. हे काम सरकारनेच करायचे, आणि हरित पेटीत ते निःशंक बसते.

शिवाय, सरकारी मर्यादेत पास झालेला माल जर्मनीतल्या काही किरकोळ साखळ्यांना चालत नाही. त्यांना कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांश अंश आणि एकूण चार-पाचच घटक हवे असतात. चौदा घटक, सगळे मर्यादेच्या आत, तरीही माल नाकारला, असे होते. म्हणून फवारणीचे वेळापत्रक घटक मोजूनच बसवावे लागते.

---

कोल्हापूर_ढलाई

द्राक्षाचा हिशेब पटतो, पण फाउंड्री आणि मशिनशॉपच्या बाजूने 'निर्यात प्रोत्साहन'च्या १०,४०१ कोटींची पाठराखण करतो. आमच्याकडे माल सडत नाही, व्याज चढते.

१ कोटीचे पॅकिंग क्रेडिट (माल पाठवण्याआधीचे कर्ज), १० टक्के दर, ऑर्डरपासून पैसे येईपर्यंत १२० दिवस. व्याज सुमारे ३ लाख २९ हजार. व्याज समकरण योजनेत लघुउद्योगाला ३ टक्के सवलत होती तेव्हा त्यातले सुमारे ९८,६०० वाचत. ऐकायला थोडे वाटते, पण ढलाईत निव्वळ नफा चार-पाच टक्के असेल तर ऑर्डरच्या किमतीचा १ टक्का म्हणजे नफ्याचा चौथा-पाचवा हिस्सा. ही योजना ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. आणि नव्या सवलतीपेक्षाही जीएसटीचा परतावा वेळेत मिळणे जास्त मोलाचे. नियमानुसार ९० टक्के तात्पुरता परतावा पोच मिळाल्यापासून सात दिवसांत यायला हवा. तो दोन महिन्यांनी आला तर सवलतीचे व्याज तिथेच संपते.

पण माझा पहिला क्रमांक व्याजालाही नाही, कार्बन मोजणीला आहे. युरोपचे सीबॅम (आयात मालावरचे कार्बन शुल्क) १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाले. नट-बोल्ट म्हणजे ७३१८ या शीर्षकाचा माल त्यात सरळ येतो. तुमच्याकडे प्रत्यक्ष मोजलेले आणि पडताळलेले उत्सर्जन नसेल तर त्यांचे ठरीव आकडे लागतात, आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले असतात. लहान कारखान्याला मोजायचे असते ते इतके: उष्णता प्रक्रियेच्या गॅसची भट्टीनिहाय वेगळ्या मीटरने नोंद, आणि वायर रॉड ज्या पोलाद कारखान्यातून घेतली तिथला उत्सर्जनाचा दाखला. शेवटचा दाखला मिळत नाही, कारण माल व्यापाऱ्यामार्फत येतो आणि हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचा क्रमांक) वाटेत हरवतो. क्लस्टरमागे एक पडताळणी केंद्र आणि सबमीटरना एकरकमी मदत, एवढ्याने शेकडो कारखाने टिकतील.

---

द्राक्षवेल

कोल्हापूर, पटले. म्हणजे दोन वेगळ्या धंद्यांत पहिला क्रमांक शेवटी एकाच जागी आला: मोजणे आणि ते सिद्ध करणे. माझ्यासाठी अंश, तुमच्यासाठी कार्बन.

अंश_०.०१, प्लास्टिक आच्छादनाखालच्या चाचण्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा. तो आच्छादनाच्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच यायला हवा.

---

डॉगरिज

वाणाबद्दल कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. आपण अजून थॉम्पसन आणि तिच्या निवडींवर उभे आहोत: तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन. थॉम्पसनचा मणी १८ मिमीला न्यायचा तर जीएच्या (जिबरेलिक अॅसिड या वाढनियंत्रकाच्या) फवारण्या, डिपिंग (घड त्यात बुडवणे), विरळणी, गर्डलिंग (खोडाची साल गोल काढणे) लागते. म्हणजे मजूर लागतात. पेरू देशाने परवाना घेतलेले नवे वाण लावले. त्यांचा मणी मुळातच मोठा आणि करकरीत, आणि पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका यांचा माल युरोपात बिनशुल्क किंवा नगण्य शुल्काने उतरतो.

आपल्याकडेही परवान्याचे वाण आले आहेत, नाशिकच्या शेतकरी कंपनीने आर्रा मालिकेतले आणले. पण स्वामित्वशुल्क आणि ठरावीक विक्रीसाखळीच्या अटी दोन एकरवाल्याला जड जातात. म्हणून सार्वजनिक संशोधनाला पर्याय नाही, फक्त नवीन वाणाला पंधरा-वीस वर्षे लागतात हे मान्य करून सलग पैसा द्यावा लागेल.

मधल्या काळात ताबडतोब उपयोगाची गोष्ट म्हणजे स्वच्छ रोपे. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेल्या क्लीन प्लांट प्रोग्रॅममध्ये १,७६५.६७ कोटी आहेत, नऊ केंद्रे, त्यातले द्राक्षाचे पुण्यात, डाळिंबाचे सोलापुरात, संत्र्याचे नागपुरात. डॉगरिज खुंटावर (कलमाखालच्या मुळाच्या वाणावर) भरलेली डोळकाडी विषाणूग्रस्त असेल तर बाग पहिली दोन वर्षे छान दिसते आणि मग फुगवण व साखर दोन्ही मागे पडतात. तोवर मांडव, ठिबक, तारा मिळून सगळा खर्च होऊन गेलेला असतो. माझ्या मते हे केंद्र भाड्याच्या कोणत्याही अनुदानापेक्षा निर्यातीचे जास्त भले करेल. मात्र खासगी रोपवाटिकांना मातृवृक्ष वेळेत आणि पुरेसे मिळाले तरच.

---

मोहाडी_रोड

थंडावा यांना प्रश्न. सामायिक पॅकहाउस उभे राहते, दोन हंगाम चालते आणि बंद पडते. शिपिंगबिल म्हणतात चालू खर्चाला अनुदान नियमात बसत नाही. मग वीजबिलाचे काय करायचे? द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. उरलेले आठ महिने यंत्र बंद आणि स्थिर आकार चालू. याच खोल्यांत बाकी फळे ठेवली तर?

---

थंडावा

ठेवता येतील, पण आराखड्यातच तशी सोय हवी. द्राक्षाला ० अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता. डाळिंबाला ५ ते ७ अंश, आंब्याला १२-१३, केळीला साडेतेरा. ० अंशांसाठी बसवलेली एकच खोली थर्मोस्टॅट फिरवून केळीची होत नाही. बाष्पीकरण कॉइल आणि हवा यांच्या तापमानातला फरक वेगळा लागतो, आर्द्रता ढासळते. शिवाय द्राक्षाच्या खोलीत सल्फर डायऑक्साइड राहतो. तो इतर फळांच्या सालीवर डाग पाडतो आणि तांब्याच्या कॉइल खातो. म्हणून चार लहान खोल्या, प्रत्येकीचे वेगळे नियंत्रण, द्राक्षाच्या खोलीला लेप दिलेली किंवा स्टेनलेस कॉइल, आणि हंगाम बदलताना पूर्ण हवा बदलून धुलाई. यात भांडवल जास्त लागते, पण भांडवलाला अनुदान चालते. चालू खर्चाचा प्रश्न असा भांडवलात सोडवायचा असतो.

विजेचेही तसेच. कराराची मागणी (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) सगळी यंत्रे एकदम चालतील अशी धरतात आणि वर्षभर तिच्या ठरावीक टक्क्यावर आकार भरतात. प्रीकूलिंगच्या दोन खोल्या दोन तासांच्या अंतराने सुरू केल्या आणि कॉम्प्रेसरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारे नियंत्रक) बसवला तर शिखर मागणी बरीच उतरते. छतावर सौर बसवा. नेटमीटरिंगमध्ये (जास्तीची सौर वीज ग्रीडला देऊन नंतर वळती करण्याच्या सोयीत) जमा युनिटचा हिशेब मार्चअखेर होतो, त्यामुळे मे ते डिसेंबरची वीज जानेवारी-मार्चमध्ये वळती करता येते. पण तुमच्या जोडणीला वेळेनुसार दर असतील तर दिवसाचे युनिट रात्रीच्या वापरात वळते होतात का, हे आधी वीज कंपनीकडून लेखी घ्या. सौरने मागणी आकार कमी होत नाही हेही धरून चाला.

---

मोहाडी_रोड

आणि अनुदान हातात येईपर्यंतचे व्याज?

---

थंडावा

ते प्रकल्प अहवालातच धरायचे. अनुदान कर्जाशी जोडलेले आणि शेवटी मिळणारे असते. ८ लाख ७५ हजार एक वर्ष उशिरा आले आणि कर्ज ११ टक्क्यांनी असेल, तर ९६ हजार व्याजात गेले. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षे ३ टक्के व्याजसवलत मिळते, ती योजना चालू असल्याची खात्री करून सोबत घ्या.

उशीर बहुतेक वेळा संयुक्त तपासणीत होतो, आणि तिथे अडते ते वीजजोडणीवर. इमारत तयार, यंत्र बसलेले, पण ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणून यंत्र चालवून दाखवता येत नाही आणि हंगाम निघून जातो. त्यामुळे बांधकामाची निविदा काढण्याआधी उच्चदाब जोडणीचा अर्ज आणि अंदाजपत्रक मंजूर करून घ्या. एप्रिलमध्ये अर्ज केला तर डिसेंबरपर्यंत चाचणीची थप्पी लावता येते.